आत्याला बोट लागत नसे

आमच्या घरी आत्याविषयी एक प्रसंग हमखास सांगितला जातो. भर वादळात बोट कलंडत होती, प्रवासी जिथे जागा मिळेल तिथे आडवे झाले होते, खुद्द कप्तानाने टोपी उलटी करून तिच्यात तोंड घातले होते, आणि आत्या मात्र एका हातात चहाचा ट्रे घेऊन जिना उतरत होती. कपातला चहा हिंदकळलासुद्धा नाही. सांगणारे माझे वडील, म्हणजे आत्याचे धाकटे भाऊ. ते त्या बोटीवर कधीही चढलेले नाहीत. आत्याच्या हातात ट्रे असण्याचेही कारण नव्हते, कारण ती प्रवाशांच्या खोल्या साफ करीत असे. चहा नेणारे लोक वेगळे होते. टोपीविषयी विचारले तेव्हा ती म्हणाली, "तुझ्या बापाला सांग, एकोणीस वर्षांत मी कप्तानाला दोनदा पाहिलं. दोन्ही वेळा पाठमोरा."

परंतु ट्रे आणि टोपी हे तपशील झाले. मूळ विधानच खोटे आहे. आत्याला बोट लागत असे. पहिल्या सफरीच्या पहिल्या दुपारी लागली आणि शेवटच्या सफरीपर्यंत लागत राहिली. याचा पुरावा तिच्याच हातचा आहे.

तळहाताएवढ्या अकरा वह्या तिने मला काढून दिल्या. प्रत्येक पानावर पट्टीने आखलेले पाच रकाने: तारीख, लाटा, काय खाल्ले, कितीदा, कुठे. नोंदी अशा: "लाटा मध्यम. कोरडी बिस्किटे दोन, आल्याचा तुकडा. तीनदा. ७, ७, १२." किंवा: "लाटा मोठ्या. उपाशी. पाचदा, शेवटी नुसते पिवळे पाणी. ३, ४, ८, ८, १४." शेवटच्या रकान्यातले आकडे वेळेचे असावेत असे मी आधी धरून चाललो होतो. ते खोल्यांचे क्रमांक निघाले.

त्याचे कारण बोटीच्या एका नियमात आहे. कामगाराला उलटी झाली, कोणत्याही कारणाने झाली, तरी त्याने ताबडतोब डॉक्टरांकडे जायचे, दोन दिवस केबिनमध्ये बंद राहायचे आणि त्याच्या नावावर आजारपणाची नोंद व्हायची. उलटी लाटांमुळे झाली की पोटाच्या साथीमुळे, हे वरून पाहून कळत नाही, आणि तीन हजार माणसे एकाच हवेत कोंडलेली असतात, म्हणून नियम कडक. नियमाचा हेतू चांगला होता. पण वर्षात पाच नोंदी झाल्या की पुढचा करार मिळत नसे, आणि आत्याच्या पोटाने पाच नोंदी एका आठवड्यात भरवल्या असत्या.

तिने यावर काढलेला मार्ग असा. तिच्या वाट्याला चौदा खोल्या होत्या. खोल्यांसमोर खिडकी नसलेला लांब बोळ. गालिच्याच्या रेघा तिच्या डोळ्यांसमोर डुलत. गादीचे कोपरे दुमडायला वाकली की पोट घशाशी येई. मग ती ट्रॉली दारात आडवी लावी, न्हाणीघरात शिरे, नळ सोडी, प्रवाशाच्याच संडासात ओके, पाणी सोडी आणि लगेच तो संडास घासायला घेई. खोली साफ करणाऱ्या बाईने संडासाचे पाणी सोडले, तर ते कोणाच्या कानाला खटकणार? पाच मिनिटांत तिथे लिंबाच्या वासाचा फवारा दरवळत असे. तोंड खळखळून धुवायचे, लवंगेएवढे आले दाढेखाली धरायचे, पुढची खोली. एकोणीस वर्षे कोणाला संशय आला नाही. उलट मजल्यावर तिचे नाव पडले "खांब".

या नावाची शिक्षा वेगळी होती. समुद्र खवळला, आणि लोक भडाभडा ओकू लागले की मुकादम म्हणे, "खांबाला पाठवा, तिला काही होत नाही." मग ती नारिंगी भुकटीचा डबा घेऊन निघे. ही भुकटी उलटीवर टाकली की पातळ पदार्थ थिजून त्याचे रबरी गोळे होतात आणि ते पुठ्ठ्याने खरवडून उचलता येतात. भुकटीला संत्र्याच्या गोळीचा वास घातलेला असे. आत्या आजही संत्रे घरात येऊ देत नाही. तिने ज्या जागा मला सांगितल्या त्यांची यादी मी केली आहे. ती इथे देण्याची माझी छाती नाही. नमुन्यादाखल एकच: एका गृहस्थाने बर्फाच्या भांड्यात ओकून त्यावर झाकण लावले, भांडे नीट टेबलावर ठेवले आणि फोन करून अंडी मागवली. अंडी आली तेव्हा आत्या भांडे उचलत होती. "जरा सावकाश," तो तोंडात घास घेऊन म्हणाला, "सांडेल."

"माणूस आजारी पडतो, त्याची मला कधी किळस आली नाही," आत्या मला म्हणाली. "पण इकडे पोट उलटं होतंय आणि तिकडे सातव्यांदा ताट भरायला रांगेत उभे. ओकायचं, तोंड पुसायचं, खायचं. आणि मी मात्र एका बिस्किटाला घाबरत होते."

तिचे सगळे गुपित जाणणारी एकच बाई बोटीवर होती. थंड स्वयंपाकघरात फळे चिरणारी, आत्याहून बारा-तेरा वर्षांनी लहान, सहा वर्षे आत्याच्या केबिनमध्ये वरच्या फळीवर झोपणारी. तिला सगळे "फोडी" म्हणत. आल्याचे तुकडे, आंबट सफरचंदाच्या चकत्या ती रुमालात बांधून आणी. आत्याला बोट लागण्याचे तिला विलक्षण कौतुक होते.

एकोणिसाव्या वर्षी कंपनीने बंदरावरच्या कपड्यांच्या कोठारात एक जागा काढली. चादरी-टॉवेल मोजून बोटींवर पाठवायचे, मळके परत घ्यायचे, एवढेच काम. कोठारापासून आमचे घर बसने पाऊण तास. आतोबा गेल्यापासून आत्याची मुलगी आमच्याकडेच वाढत होती. ती तेव्हा सोळा वर्षांची होती. आई वर्षातून दोनदा, पाहुणी यावी तशी येई, आणि त्या वर्षी तिने आईला "तुम्ही" म्हणायला सुरुवात केली होती. आत्याने ते ऐकले, हे मला आठवते. कोठारातली जागा अशा कामगाराला मिळायची होती, ज्याच्या नावावर आजारपणाची एकही नोंद नाही. म्हणजे जमिनीची सर्वांत जास्त निकड असलेल्या बाईला, आपल्याला जमिनीची मुळीच गरज नाही, हे दाखवून द्यायचे होते. तिने ते दाखवून दिले होते. फक्त एक सफर उरली होती, सात दिवसांची.

तिसऱ्या दिवशी सकाळी ती उठली ती मळमळीने तोंडाला पाणी सुटूनच.

"आज समुद्र चादरीसारखा पसरलाय," फोडी वरून म्हणाली. "तरी तुझं तोंड दोडक्यासारखं हिरवं."

"माझं पोट लाटा बघत नाही. बोट दिसली की झालं."

"मग सांग त्याला, ताई, चार दिवस कळ काढ म्हणून. पुढे कोठारात नुसत्या चादरी. चादर बघून ओकलीस तर मात्र माझ्याकडे येऊ नकोस."

"आलं दे आधी. तोंडाची टकळी नंतर."

त्या दिवसाची नोंद वहीत आहे: "लाटा नाहीतच म्हणायच्या. बिस्कीट एक. दोनदा. ५, ९." चूक इथे झाली, आणि ही चूक फक्त आत्याकडूनच होऊ शकली असती. ज्याला बोट लागत नाही असा माणूस शांत समुद्रात दोनदा ओकला असता, तर घाबरून डॉक्टरांकडे गेला असता. आत्याने रकाना भरला. पाच आणि नऊ नंबरचे संडास नेहमीच्या फवाऱ्याने पुसले. साथीत वापरायचे जळजळीत औषध वेगळे असते; ते तिने काढले नाही, कारण साथ आहे असे तिला वाटलेच नाही. त्याच हातमोज्यांनी तिने त्या खोल्यांतले पेले विसळले.

चौथ्या दिवशी पहाटे फोडीला सुरू झाले. फोडीने नियम पाळला. ती सरळ डॉक्टरबाईंकडे गेली, नाव नोंदवले आणि केबिनमध्ये बंद झाली. आत्याला दुसरीकडे फळी दिली गेली. त्या सफरीच्या आजारपणाच्या वहीत पहिले नाव फोडीचे आहे.

संध्याकाळी मुकादम आला. हा आत्याहून लहान, सदैव सेंटचा घमघमाट सोडणारा, आणि मजल्यावरच्या कोणत्याही घाणीपासून दोन पावले लांब राहण्यात तरबेज. "खांब, चला. पाच आणि नऊ. दोन्हीकडे वरून-खालून सुरू आहे."

आत्या मला म्हणाली, "आकडे ऐकले आणि मला कळलं. दुसरी कुठली बारा दारं होती की. ह्याच दोघांना कसं?"

नऊ नंबरमध्ये एक वृद्ध बाई होत्या. त्या न्हाणीघराच्या लादीवर बसल्या होत्या, केस गालाला चिकटलेले, झगा भिजलेला. आत्याने त्यांना उठवले, पुसले, कपडे बदलले, भुकटी टाकून सगळे खरवडले. त्या बाईंनी तिचा हात कपाळावर धरून ठेवला. "तुमचा हात किती गार आहे हो. राहू द्या जरा." आत्याने हात राहू दिला. तो हात तिथून काढून कुठेतरी टाकून द्यावा असे तिला वाटत होते.

पाचव्या दिवसापर्यंत त्याच बोळातल्या सहा खोल्या आजारी होत्या, आणि कामगारांच्या जेवणघरात निकाल लागून गेला होता.

"फळं. दुसरं काय?" मुकादम उभ्या उभ्या सांगत होता. "आजारी हातांनी कलिंगड चिरलंय तिने. परवा बंदर आलं की तिला कायमचं उतरवणार."

फळे सातही मजल्यांवर गेली होती आणि आजार एकाच मजल्यावर, एकाच बोळात होता. कागद समोर ठेवून पाहणाऱ्याला हे अर्ध्या मिनिटात दिसते. परंतु स्वयंपाकघर मुकादमाच्या अखत्यारीत नव्हते, आणि बोळ होता. आत्या तिथेच बसली होती. समोरच्या ताटातला भात तिने चमच्याने इकडून तिकडे सारला. मी तिला दोनदा विचारले की त्या क्षणी काही बोलावेसे वाटले का. दोन्ही वेळा ती म्हणाली, "नाही. कोठार दिसत होतं."

दुपारी बोळात, ट्रॉलीजवळ, तिला दार गाठता आले नाही. एकोणीस वर्षांत पहिल्यांदा ती उघड्यावर, गालिच्यावर, मुकादमासमोर ओकली. मुकादमाने आधी बूट वाचवले. मग तिच्याकडे, मग बोळाच्या दोन्ही टोकांकडे पाहिले.

"केव्हापासून?" त्याने हळूच विचारले.

आत्या तोंड पुसत होती.

"आज," त्यानेच उत्तर दिले. "आजच सुरू झालं. कळलं ना, बाई? साथ सुरू झाल्यावर कोणी आजारी पडलं तर ती नोंद धरत नाहीत. तुमचं कोठार जागच्या जागी, माझ्या मजल्याचं नाव जागच्या जागी."

"आणि फोडी?"

"फळं चिरणारी हो ती. हजार मिळतात."

आत्या म्हणाली, "बरं."

हे "बरं" तिने मला आपण होऊन सांगितले. दुसरा साक्षीदार नव्हता, ते गाळता आले असते. डॉक्टरबाईंनी वहीत रकाना भरला: लक्षणे केव्हापासून, आज. दोघी आजारी म्हणून आत्याला पुन्हा जुन्या केबिनमध्ये, फोडीबरोबर, बंद करण्यात आले.

आत शिरताच डोळ्यांत चुरचुरले. फोडी बेसिनपाशी उभी होती. तिने जमीन पुसायचे जळजळीत औषध पेल्यात ओतून घेतले होते आणि संडास घासायच्या ब्रशने ती आपले हात घासत होती. बोटांच्या पेरांवरची कातडी सोलून आली होती.

"अगं, काय करतेस? सोड तो ब्रश."

"जवळ येऊ नकोस, ताई. तुलाही माझ्यामुळेच लागलं ना?" तिने मागे वळून पाहिले नाही. "मला कळलंच नाही गं. पहाटेपर्यंत मी ठणठणीत होते. पण असणार पोटात आधीपासून. आदल्या संध्याकाळी मी दोन टोपल्या कलिंगड चिरलं. नऊ नंबरच्या म्हाताऱ्या बाईंना सलाईन लावलंय म्हणे. मी स्वतः बिया काढून दिल्या होत्या त्यांना, दात नाहीत म्हणून. ह्या हातांनी."

"तुझ्यामुळे कशावरून?"

"मुकादम म्हणाला. डॉक्टरबाई म्हणाल्या. सगळे म्हणतात." फोडीने हात नाकाशी नेले. "वास येतोय बघ अजून. जातच नाही."

आत्या खालच्या फळीवर बसली. तिने ब्रश काढून घेतला नाही. हे लिहिताना मला थांबावे लागले, म्हणून मी तिला वेळ विचारली: किती वेळ? संध्याकाळचे जेवण दाराशी ठेवून गेले आणि रिकामी न झालेली ताटे परत नेली, तेवढा वेळ. म्हणजे निदान दोन तास. दोन तास बेसिनपाशी घसघस आवाज येत होता आणि आत्या ऐकत होती. जी शिसारी तिची होती, ती दुसरीच बाई आपल्या अंगावरून खरवडून काढत होती.

मग तिने भिंतीवरचा फोन उचलला आणि डॉक्टरबाईंना बोलावले. त्या तोंडाला कापड बांधून, वही घेऊन दारात उभ्या राहिल्या. त्यांच्यामागे दोन पावलांवर मुकादम.

"तारीख चुकली आहे," आत्या म्हणाली.

"कुठली?"

"माझी. परवाची घाला. सकाळी साडेनऊ, पाच नंबरच्या संडासात. मग अकराच्या सुमारास नऊ नंबरच्या. साध्या फवाऱ्याने पुसलं."

"तापात बोलतायत," मुकादम म्हणाला.

आत्याने अॅप्रनच्या खिशातली वही काढून दिली. डॉक्टरबाईंनी शेवटचे पान पाहिले, मग मागची उलटली, मग आणखी मागची. "हे सगळं काय आहे?"

"मला बोट लागते."

"केव्हापासून?"

"पहिल्यापासून."

डॉक्टरबाईंनी मुकादमाकडे पाहिले. मुकादम स्वतःच्या बुटांकडे पाहत होता. त्यांनी "आज" वर आडवी रेघ मारली, वर परवाची तारीख लिहिली आणि शेजारी सही केली. बोटीवरून उतरताना आत्याला त्या पानाची नक्कल मिळाली. ती माझ्यासमोर आहे. रेघ सरळ आहे आणि तिच्याखालचा शब्द स्पष्ट वाचता येतो. त्या रेघेबरोबर कोठारही गेले.

दार लागले. फोडीने ब्रश खाली ठेवला आणि ती वरच्या फळीवर चढली.

"म्हणजे काल रात्री," फोडी वरून म्हणाली, "मी इथे कोंडलेली, आणि तू दाराबाहेरून विचारलंस, कशी आहेस म्हणून. तेव्हा तुला ठाऊक होतं."

"हो."

"आणि आत्ता दोन तास मी कातडी सोलत होते, तेव्हाही."

"हो."

"ओकलीस, त्याचं मला काही नाही, ताई," फोडी म्हणाली. "सहा वर्षं तुझी ओकारी मी बघितलीय."

बंदर यायला दोन दिवस होते. केबिन आठ फूट लांब, पाच फूट रुंद. दोघींची पोटे अजून ठिकाणावर नव्हती आणि संडास एकच. भिंतींना भुकटीचा संत्र्याचा वास, त्याखाली त्या वासाने न झाकलेला दुसरा वास. आत्या दर वेळी आपल्यामागचे स्वच्छ करी, मग फोडीमागचेही. फोडी ते करू देई. "राहू दे" म्हणाली नाही, "बरं झालं" म्हणाली नाही.

पहिल्या दिवशी आत्याने पेला वर धरला. "पाणी देऊ?"

"हात धुतलेस?"

आत्याने हात धुतले आणि पेला पुन्हा वर धरला. संध्याकाळी पुन्हा तेच झाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी आत्याने आधीच हात धुतले, साबण दोनदा लावून, फोडीला दिसेल असे. मग तिने पेला वर धरला. फोडीने तिच्या हातांकडे पाहिले. मग ती फळीवरून स्वतःच खाली उतरली, सोललेल्या बोटांनी पेला घेतला, विसळला, पुन्हा विसळला आणि नळाखाली धरला.